हार कुणी हरवला? कथेतली माणसं आणि आशयसूत्र वाचताना

कथा वाचून झाल्यावर 'हिचं आशयसूत्र काय?' असं कुणी विचारलं, की साधारण दोन तऱ्हेची उत्तरं येतात. एक एका शब्दाचं: गरिबी, लोभ, एकटेपणा. दुसरं बोधवाक्याचं: हाव धरू नये, अंथरूण पाहून पाय पसरावेत. पहिल्या उत्तरातून कथेचा विषय कळतो, पण त्या विषयाबद्दल कथेचं म्हणणं काय, हे कळत नाही. गरिबीवर हजारो कथा आहेत आणि त्यांची म्हणणी एकमेकींना छेद देणारी असू शकतात. दुसरं उत्तर अधिक फसवं. ते पूर्ण वाक्य असल्यामुळे विश्लेषण उरकल्यासारखं वाटतं, पण तेच वाक्य कथा न वाचताही लिहिता आलं असतं.

आशयसूत्र म्हणजे कथेतल्या घटना, माणसं आणि तपशील ज्या म्हणण्याभोवती जमतात ते म्हणणं. लेखक ते बहुधा सांगत नाही. ते काढावं लागतं, आणि ते काढायचा सगळ्यात भरवशाचा रस्ता पात्रांमधून जातो.

तो का, हे समजायला लघुकथेचा आकार लक्षात घ्यावा लागतो. अमेरिकन कथाकार एडगर अ‍ॅलन पो याने 1842 मध्ये एका पुस्तकाचं परीक्षण लिहिताना म्हटलं होतं, की अशी कथा एका बैठकीत, म्हणजे अर्ध्या ते दोन तासांत वाचून व्हावी आणि तिच्यातल्या प्रत्येक गोष्टीने मिळून वाचकावर एकच ठसा उमटवावा. इतक्या जागेत कुणाचा जन्म, शिक्षण, लग्न, म्हातारपण असं सगळं मावत नाही. मग लेखक काय करतो? माणसाला एका अडचणीत उभं करतो आणि तो काय ठरवतो ते दाखवतो. कादंबरीत माणूस वर्षानुवर्षं उलगडत जातो. कथेत तो दोन-तीन निर्णयांत उघडा पडतो.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी 1927 मध्ये मांडलेली पात्रांची विभागणी अभ्यासक्रमांमध्ये अजून चालते: एकाच गुणावर उभी असलेली सपाट पात्रं आणि आपल्याला चकित करू शकणारी भरीव पात्रं. विभागणी उपयोगाची आहे, पण ती कादंबरीचा विचार करताना केलेली होती. कथेला ती लावताना मला नेहमी वाटतं, की 'पात्र सपाट आहे की भरीव?' यापेक्षा 'हा निर्णय कुणी घेतला आणि त्याची किंमत कुणी मोजली?' हा प्रश्न जास्त हाताला लागतो. तो विचारून पाहायला फ्रेंच कथाकार मोपासाँची हाराची गोष्ट घेऊ.

ही कथा फेब्रुवारी 1884 मध्ये पॅरिसच्या एका दैनिकात छापून आली. कथानक बहुतेकांना माहीत असतं. मातिल्द लुआझेल ही शिक्षण मंत्रालयातल्या एका कारकुनाची देखणी बायको. आपला जन्म ऐषआरामासाठी झाला होता, असं वाटून ती सतत खंतावते. मंत्रालयातल्या समारंभाचं आमंत्रण येतं. ती फोरेस्तिए नावाच्या श्रीमंत मैत्रिणीकडून हिऱ्यांचा हार उसना आणते, रात्रभर नाचते आणि घरी येऊन पाहते तर हार नाही. नवराबायको 36,000 फ्रँकला तसाच हार विकत घेऊन परत करतात आणि कर्ज फेडण्यात दहा वर्षं घालवतात. शेवटी मैत्रीण भेटते तेव्हा कळतं, की मूळ हार खोटा होता. फार तर 500 फ्रँकचा.

'दिखाऊपणाचं फळ', असं लिहून वही मिटणारे खूप. आता निर्णय मोजून पाहा.

आमंत्रण मिळवण्यासाठी खटपट कुणी केली? नवऱ्याने. ते पाहून मातिल्द खूश होत नाही, रडते, कारण नेसायला काही नाही. पोशाखासाठी 400 फ्रँक कुणी दिले? नवऱ्याने. सुट्टीत मित्रांबरोबर शिकारीला जाण्यासाठी बंदूक घ्यायला त्याने नेमके तेवढेच बाजूला टाकले होते. पोशाख झाला, दागिना नाही म्हणून ती पुन्हा हिरमुसली. तो आधी म्हणतो, ताजी फुलं लाव, दहा फ्रँकमध्ये सुंदर गुलाब येतील. ती नाही म्हणते. मग मैत्रिणीकडून दागिने उसने आणायची कल्पना कुणाची? त्याचीच. हार हरवल्यावर रात्री सगळा रस्ता पुन्हा पायी तुडवत शोधायला तोच जातो. आणि मैत्रिणीला खरं न सांगता 'हाराची कडी तुटली आहे, दुरुस्तीला दिलाय' असं कळवायचं, हेही त्यानेच सुचवलं. चिठ्ठी तिने लिहिली, मजकूर त्याने सांगितला. नवा हार घेताना वडिलांकडून आलेले 18,000 फ्रँक त्याने घातले आणि उरलेले व्याजाने काढले. कर्ज फेडताना तो रात्री मजकुराच्या नकला उतरवायचं काम करायचा, पानाला पाच सू, म्हणजे पाव फ्रँक. व्याज सोडूनच द्या, नुसतं 18,000 फ्रँक मुद्दल त्या दराने फेडायचं तर 72,000 पानं लिहावी लागतील.

एवढं मांडल्यावर 'बाईची हाव आणि तिची शिक्षा' हे वाचन लंगडं पडतं. मातिल्द हावरी आहेच, त्यात शंका नाही. मैत्रिणीच्या दागिन्यांच्या पेटीतून एकेक काढून लावून बघताना 'आणखी काही नाही का?' असं विचारणारी ती आहे. पण संकट हार हरवल्यामुळे जितकं येतं तितकंच खरं न बोलल्यामुळे येतं, आणि तो निर्णय दोघांचा आहे. 'हरवला' एवढा एक शब्द मैत्रिणीला सांगितला असता, तर कथा दुसऱ्या दिवशी सकाळीच संपली असती.

आता त्या बोधवाक्यात न बसणारे तपशील बघू. माझ्या मते सगळं विश्लेषण इथेच आहे: तुम्ही ठरवलेल्या अर्थाबाहेर काय उरतं?

हार शोधताना जोडपं त्या पेटीवर नाव असलेल्या जवाहिऱ्याकडे जातं. तो वह्या चाळून सांगतो, की हार आम्ही विकलेला नाही, आमची फक्त पेटी असावी. पहिल्या वाचनात हे वाक्य कुणाच्या लक्षात राहत नाही. दुसऱ्यांदा वाचताना थबकायला होतं. हार खोटा असल्याची खूण त्यांच्या हातात होती. भारी पेटीत दुसरीकडचा हार का ठेवला असेल, हा प्रश्न त्यांच्या मनात येत नाही, कारण श्रीमंताघरची वस्तू खोटी असू शकते हे त्यांच्या कल्पनेतच नाही. पुढे, नवा हार परत करताना फोरेस्तिए थोडं गुर्मीत म्हणते, लवकर आणायला हवा होतास, मला लागला असता. आणि ती पेटी उघडूनसुद्धा बघत नाही. मातिल्दचा जीव टांगणीला लागलेला असतो: बदललेला हार ओळखला तर ही मला चोर समजेल. जिच्या नजरेची एवढी भीती, ती नजर हाराकडे वळतच नाही.

तिसरा तपशील निवेदकाच्या एका शब्दाचा. गरिबी आल्यावर मातिल्द ती कशी पत्करते, ते सांगताना मोपासाँ 'वीराच्या धैर्याने' अशा अर्थाचा शब्द वापरतो. मोलकरीण काढली जाते, घर बदलतं. तेलकट भांडी घासताना तिची गुलाबी नखं झिजतात. पाणी वर नेताना ती प्रत्येक मजल्यावर दम खायला थांबते. ज्या लेखकाला तिला नुसतं धडा शिकवायचा आहे, तो हा शब्द का वापरेल? उलट बाजूही आहे. 'कष्टांनी ती शहाणी झाली' असंही म्हणता येत नाही. नवरा कचेरीत गेला की ती खिडकीशी बसून त्या रात्रीचीच आठवण काढते. आणि शेवटी मैत्रिणीला सगळं सांगताना, 'तुला फरक कळला नाही ना!' म्हणून ती अभिमानाने, भाबडेपणाने हसते. हा अभिमान कशाचा? अस्सल हारासारखा अस्सल हार आपण देऊ शकलो, याचा. पुढच्याच वाक्यात तो मोडतो.

हे सगळं जमेस धरून मी आशयसूत्र असं लिहीन: वरच्या वर्गापुढे मान खाली जाऊ नये म्हणून माणसं खरं लपवतात, आणि ज्या वस्तूसाठी लपवतात तिची खरी किंमत फक्त त्या वर्गातल्यांनाच ठाऊक असते. हे एकमेव बरोबर उत्तर नाही. पण त्यात नवरा बसतो, जवाहिऱ्याचं वाक्य बसतं, न उघडलेली पेटी बसते आणि शेवटचं हसूही बसतं. बोधवाक्यात यातलं एकही बसत नव्हतं.

याच मालमसाल्यातून वेगळं आशयसूत्र कसं निघतं, ते पाहायला अमेरिकन कथाकार ओ. हेन्रीची 1905 मधली नाताळच्या भेटींची गोष्ट शेजारी ठेवावी. तिथेही तुटपुंज्या पगाराचं जोडपं आहे, मिरवायची वस्तू आहे, शेवटी कलाटणी आहे. डेलाजवळ 1 डॉलर 87 सेंट असतात. ती केस 20 डॉलरला विकून नवऱ्याच्या घड्याळासाठी साखळी घेते, आणि त्याने तिच्या केसांसाठी कंगवे घ्यायला घड्याळच विकलेलं असतं. इथेही लपवाछपवी आहे, पण ती लाजेपोटी नाही, प्रेमापोटी आहे, आणि लपवलंय ते आपल्याच माणसापासून. वस्तू निरुपयोगी ठरतात, कृती वाया जात नाही. शिवाय निवेदक शेवटच्या परिच्छेदात स्वतः पुढे येऊन हे दोघे शहाणे होते, असं सांगून टाकतो. मला तो परिच्छेद जरा नकोसाच वाटतो; वाचकाला तेवढं कळलं असतं. पण अभ्यासाच्या दृष्टीने तो सोयीचा आहे, कारण म्हणणं उघड मांडणारा निवेदक आणि तोंड मिटून बसणारा निवेदक यांतला फरक तिथे स्वच्छ दिसतो.

तोंड मिटून बसणाऱ्यांमध्ये रशियन कथाकार चेखवचा हात धरणारा नाही. 1886 ची त्याची गाडीवानाची कथा घ्या. इओना पोतापोव्ह बर्फावर घोडागाडी चालवतो. त्याचा मुलगा त्याच आठवड्यात तापाने गेलाय. त्या संध्याकाळी तो एका लष्करी अधिकाऱ्याला सांगू पाहतो, मग तीन टवाळ तरुणांना, मग एका दरवानाला, मग रात्री मुक्कामाला पाणी प्यायला उठलेल्या एका तरुण गाडीवानाला. कुणीच ऐकून घेत नाही. शेवटी तो तबेल्यात जाऊन घोडीला सांगतो.

'माणसं निष्ठुर असतात' हे इथलं तयार उत्तर. पण अधिकाऱ्याशी झालेला संवाद नीट वाचा. इओना मुलगा गेल्याचं सांगतो तेव्हा अधिकारी विचारतो, कशाने गेला? म्हणजे त्याने ऐकलंय, विचारलंयसुद्धा. इओना मागे वळून सांगायला लागतो, तेवढ्यात अंधारातून कुणीतरी ओरडतं, नीट हाक म्हणून. अधिकारीही म्हणतो, चल, नाहीतर उद्यापर्यंत पोचणार नाही, आणि डोळे मिटून घेतो. हा निष्ठुरपणा नाही, रोजची घाई आहे. त्या तरुण गाडीवानाला नुसती झोप आलेली असते. खलनायक नसलेल्या कथेत दुःखाला वाट मिळत नाही, ही गोष्ट खलनायक असलेल्या कथेपेक्षा जास्त बोचते.

इओनाचं पात्र उघडतं ते आणखी एका तपशिलात. त्याला 'माझा मुलगा गेला' एवढं सांगायचं नाहीच. ते तर तो चारचौघांना सांगून मोकळा झालाय. त्याला रीतसर सांगायचंय: मुलगा आजारी कसा पडला, किती सोसलं, जाण्याआधी काय बोलला, पुरणं कसं झालं, कपडे आणायला इस्पितळात कसं जावं लागलं, आणि गावाकडे मुलगी अनिस्या आहे, तिच्याबद्दलही बोलायचंय. ऐकणाऱ्याने हळहळावं, उसासा टाकावा, अशी त्याची अपेक्षा आहे. म्हणजे त्याच्यासाठी दुःख ही बातमी नाही. पूर्ण सांगितल्याशिवाय आणि कुणी पूर्ण ऐकल्याशिवाय ते सरत नाही. आशयसूत्र त्या यादीत आहे.

प्रतीकांची घाई करणाऱ्यांसाठीही ही कथा चांगली. सुरुवातीला इओनावर बर्फ साचलाय आणि तो हलत नाही. 'बर्फ हे मृत्यूचं प्रतीक' असं लगेच लिहू नये. बर्फ आधी बर्फ आहे: तो कितीतरी वेळ एका जागी बसून आहे आणि भाडं मिळालेलं नाही, हे त्यातून कळतं. अंगावर ढीग कोसळला तरी तो झटकणार नाही, असं निवेदक म्हणतो तेव्हा त्याच बर्फातून त्याची मनःस्थिती कळते. इतकं नोंदवल्यावर मृत्यूपर्यंत जायची बहुधा गरजच उरत नाही.

सांगणारा कोण आहे, हा प्रश्न आतापर्यंत बाजूला ठेवला होता. पोच्या 1843 च्या खुनाच्या कथेत खुनीच 'मी' म्हणून बोलतो आणि आपण वेडे नाही, हे पुन्हा पुन्हा पटवतो. तिथे त्याच्या शब्दावर किती विसंबायचं, हे वाचकाने ठरवायचं असतं. तो जितकं जास्त पटवतो तितका आपला विश्वास कमी होतो. हे सोपं उदाहरण. अवघड उदाहरण तृतीयपुरुषी, म्हणजे 'तो', 'ती' म्हणत बाहेरून सांगणाऱ्या निवेदनाचं असतं, कारण तो आवाज तटस्थ असल्याचा भास होतो.

प्रेमचंदांची 'कफन' 1935 ची. घिसू आणि माधव हे जातव्यवस्थेच्या तळाशी असलेले कामचुकार बापलेक बाहेर शेकोटीशी चोरून आणलेले बटाटे भाजून खात बसलेत आणि आत माधवची बायको बुधिया प्रसूतिवेदनांनी तडफडतेय. आत जाऊन बघायला माधव तयार नाही, कारण तेवढ्यात बाप जास्त बटाटे खाईल. ती मरते. गावातून कफनासाठी पाच रुपये जमतात, त्यातले दोन जमीनदाराने सांत्वनाचा एक शब्दही न बोलता दिलेले. त्या पैशांची हे दोघे दारू पितात, पुऱ्या खातात.

'माणुसकी हरवलेले बापलेक' हे उत्तर दोन ठिकाणी अडतं. एक, निवेदक स्वतः मध्ये येऊन म्हणतो, की जिथे रात्रंदिवस राबणाऱ्यांची अवस्था यांच्याहून फारशी बरी नाही, तिथे अशी वृत्ती तयार झाली तर नवल नाही. घिसू तर इतरांपेक्षा विचारी म्हणावा. दोन, पोट भरल्यावर माधव उरलेल्या पुऱ्या भिकाऱ्याला देतो आणि देण्यातला अभिमान आणि आनंद त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळतो. मेलेल्या बायकोच्या कफनाच्या पैशांवर मिळालेलं दातृत्व! आयुष्यभर चिंधी न देणारा समाज मेल्यावर नवं कापड मागतो, हे घिसूचं बोलणं पळवाटही आहे आणि खरंही आहे. ही दोन्ही टोकं एकाच वेळी धरून ठेवता आली, तर कथा समजायला लागली.

पण तेवढ्यावर थांबू नये. दलित लेखक-समीक्षकांनी या कथेला पुढे कठोर प्रश्न विचारले: आळशी आणि निर्दय म्हणून दाखवायला नेमकी हीच जात का निवडली? राबणाऱ्याला असा बघणारा निवेदक कुठे उभा आहे? हे प्रश्न विश्लेषणाच्या बाहेरचे नाहीत. मोपासाँच्या कथेत 'निर्णय कुणाचा?' विचारलं, तसंच इथे 'ही नजर कुणाची?' विचारायचं. मला स्वतःला निवेदकाची ती मधली टिप्पणी म्हणजे व्यवस्थेवरचा आरोप वाटतो. पण बुधियाला कथेत किंकाळीपलीकडे आवाज नाही, ही गोष्ट त्या टिप्पणीने झाकली जात नाही. वर्षभर दळण करून, गवत कापून या दोघांना पोसलं तिने, आणि तिला काय वाटत होतं याबद्दल एक ओळ नाही.

हे सगळं उत्तरात उतरवताना एक शिस्त पाळली की पुष्कळ भागतं: प्रत्येक विधानाला कथेतला एक तपशील जोडायचा. 'मातिल्द अहंकारी आहे' हे मत झालं. 'समारंभातून निघताना नवरा तिच्या खांद्यावर घरचा साधा कोट टाकतो, तेव्हा फरचे कोट घातलेल्या बायकांनी पाहू नये म्हणून ती त्याला गाडी बोलावायलाही न थांबता जिना उतरते' हा पुरावा झाला. कोपऱ्यातल्या खोलीत मध्यरात्रीपासून डुलक्या घेणारा नवरा शेजारी मांडलात, तर त्या जोडप्याबद्दल वेगळं काही सांगायची गरज पडत नाही.

आणि कथेने जे सांगितलेलं नाही, ते तिच्या नावावर खपवू नये. फोरेस्तिए पैसे परत करेल का, ते मोपासाँने लिहिलेलं नाही. घोडीशी बोलून इओनाचं मन हलकं झालं, असं उत्तरांत हमखास सापडतं. चेखवच्या मजकुरात तो भान हरपून तिला सगळं सांगू लागतो, एवढंच आहे. 'मन हलकं झालं' हे वाक्य आपलं आहे. ते लिहायचंच असेल तर आपलं म्हणून लिहावं.